खतावणीच्या पानावरचे घोडे : पहिली लेजर आर्ट प्रिंट घेताना

लेजर आर्ट म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या आदिवासी जमातींनी हिशेबाच्या वहीच्या (इंग्रजीत ‘लेजर’) पानांवर काढलेली चित्रं. त्यातला घोडा पहिल्या नजरेतच आवडतो. लांबलचक अंग, इवलंसं डोकं, चारही पाय हवेत, अंगभर सपाट निळा नाहीतर लाल रंग आणि मागे कुणाच्या तरी हिशेबाच्या वहीच्या रेघा. दिवाणखान्यात शोभेल म्हणून लोक प्रिंट मागवतात आणि तिथेच थांबतात. पण ही चित्रं मुळात शोभेसाठी काढलेली नव्हती. कुणी, कुठल्या चकमकीत, कुणाचा घोडा कसा पळवला, याच्या त्या नोंदी होत्या. ज्यांनी तो प्रसंग पाहिला ती माणसं गावातच असायची, त्यामुळे थापा मारायची फारशी सोय नव्हती. म्हणून माझा आग्रह असा की आधी पान वाचायला शिका आणि खरेदीचं नंतर बघा. एकदा वाचता आलं की कुठली प्रिंट घ्यायची नाही, हे आपोआप कळायला लागतं.

आधी थोडी ओळख

उत्तर अमेरिकेच्या मधोमध पसरलेल्या ग्रेट प्लेन्स या गवताळ प्रदेशात लकोटा, शायान, कायोवा, अरापाहो, क्रो अशा जमाती राहतात. त्यांच्यातले पुरुष आपले पराक्रम बायसनच्या कमावलेल्या कातड्यावर रंगवत. भौमितिक नक्षीकाम हा बायकांचा प्रांत. स्पॅनिश लोकांबरोबर आलेला घोडा या जमातींच्या हाती पडला आणि शिकार, लढाई, लग्न, प्रतिष्ठा सगळं त्याच्याभोवती फिरू लागलं. त्यामुळे कातड्यावरच्या चित्रांत घोडा आला तो कायमचाच.

१८६०च्या सुमाराला व्यापारी, सैनिक आणि सरकारी एजंट यांच्याकडून हिशेबाच्या वह्या, पेन्सिली, रंगीत खडू मिळू लागले. पुढच्या वीसेक वर्षांत बायसनचे कळप जवळपास संपवले गेले, जमातींना राखीव प्रदेशांत कोंडलं गेलं, कातडं दुर्मीळ झालं. चित्रं कागदावर उतरली. काही वह्या सौद्यात मिळालेल्या, काही लुटीत आलेल्या. उलट दिशेनेही लूट झाली. १८६९ साली समिट स्प्रिंग्जच्या लढाईनंतर सैनिकांनी ‘डॉग सोल्जर्स’ या शायान लढवय्यांच्या गटाच्या तळावरून चित्रांनी भरलेली एक वही उचलली. ती आज कोलोरॅडो राज्याच्या इतिहास संग्रहात आहे.

नवख्या माणसाला एक नाव माहीत हवंच, ते फोर्ट मॅरियन. फ्लोरिडातल्या सेंट ऑगस्टिनचा हा समुद्रकाठचा किल्ला. १८७५ मध्ये शायान, कायोवा, अरापाहो, कोमांची वगैरे जमातींच्या ७२ जणांना कसलाही खटला न चालवता तिथे आणून डांबलं आणि १८७८ पर्यंत ठेवलं. कॅप्टन रिचर्ड प्रॅट या अधिकाऱ्याने त्यांना कागद आणि रंग दिले. कैद्यांनी भरलेल्या चित्रवह्या पर्यटक दोन-दोन डॉलरला विकत घेत. हाउलिंग वुल्फ, बेअर्स हार्ट, झोटॉम, मेकिंग मेडिसिन, वोहाव ही तिथली नावं. या चित्रांत लढाया कमी झाल्या. शिकार, छावणी, रेल्वेचा प्रवास, किल्ल्यातली कवायत वाढली. गिऱ्हाईक बदललं की चित्र बदलतं, ते असं. घोडे मात्र त्याच दिमाखात राहिले. हाच प्रॅट पुढे १८७९ मध्ये कार्लाइल इथे आदिवासी मुलांची निवासी शाळा काढणारा. मुलांचे केस कापून, त्यांची भाषा तोडून त्यांना ‘सुधारण्याचा’ तो कारखाना होता. प्रिंटच्या जाहिरातीत ‘दयाळू अधिकाऱ्याने दिलेले रंग’ असलं काही वाचलंत तर हे लक्षात असू द्या.

पान कसं वाचायचं

संग्रहालयाच्या संकेतस्थळावरचं एखादं पान उघडा, मोठं करा आणि सावकाश बघा.

पहिली गोष्ट दिशा. जुन्या पानांवर नायक बहुतेकदा उजवीकडून डावीकडे जातो आणि शत्रू डाव्या बाजूला असतो. फोर्ट मॅरियननंतर हा संकेत सैल झाला, पण जुन्या लढाईच्या चित्रात तो बऱ्यापैकी पाळलेला दिसतो. याचा व्यवहारातला उपयोग असा की चित्र आरशासारखं उलटवून छापलं असेल तर तुम्हाला शंका येईल. सजावटीची पोस्टरं विकणारे घोड्यांची ‘जोडी’ करायला एकच चित्र सर्रास उलटवतात. वहीतलं हस्ताक्षर उलटं दिसलं की चोरी पकडली गेली.

दुसरी गोष्ट शेपूट. शेपटी गाठ मारून वर बांधलेली, तिला लाल कापड किंवा पीस अडकवलेलं, म्हणजे घोडा लढाईला निघालाय. मोकळी लांब शेपूट असेल तर प्रसंग बहुधा वेगळा. कानाला खाच दिली असेल तर तो निवडक, वेगवान घोडा. अंगावर हाताचा पंजा, डोळ्याभोवती वर्तुळ, पायांवर विजेच्या नागमोडी रेघा, हे घोड्याला लढाईआधी खरोखर रंगवलेलं असायचं. ते चित्रकाराच्या मनचं नक्षीकाम नव्हे. लगामाला खाली काही केसाळ लटकताना दिसलं तर ते मारलेल्या शत्रूच्या डोक्याची कातडी असू शकते. मुलांच्या खोलीसाठी प्रिंट निवडताना हे आधी बघितलेलं बरं.

मग पावलं. पानभर इंग्रजी ‘सी’ किंवा ‘यू’ अक्षरासारख्या छोट्या खुणा पसरलेल्या असतात. त्या घोड्यांच्या टापा. त्यांच्या मागे मागे बोट फिरवलंत तर स्वार कुठून आला, कुठे वळला, कुठे उतरला हे उलगडतं. हवेत तुटक रेघा दिसल्या तर गोळ्या चालल्या आहेत. घोडा मेखेला बांधलेला आणि दोर कापलेला दिसला तर ती मोठी फुशारकीची गोष्ट: शत्रूच्या छावणीत शिरून, ऐन तंबूच्या दारातून आवडता घोडा सोडवून आणलेला. हे माणूस मारण्याइतकंच, कधी त्याहून अधिक मानाचं होतं.

स्वाराच्या डोक्यावर, एका बारीक रेघेने जोडलेलं छोटं चित्र असेल तर ते त्याचं नाव. सिटिंग बुल या लकोटा नेत्याच्या चित्रांत त्याच्या डोक्यावर बसलेला बायसन दिसतो, तो असाच.

रंगांबद्दल एक सांगतो. निळा घोडा पाहून ‘वा, काय कल्पनाशक्ती!’ म्हणण्याची घाई करू नका. काळ्या किंवा निळसर झाक असलेल्या राखाडी घोड्यासाठी निळी पेन्सिल, तांबूस घोड्यासाठी लाल, बदामीसाठी पिवळी. हातात होते त्या रंगांनी खरा घोडा ओळखू येईल असा काढायची ती पद्धत आहे.

सगळंच मात्र हिशेबी नाही. ब्लॅक हॉक या लकोटा चित्रकाराने १८८०-८१च्या कडाक्याच्या हिवाळ्यात, शायान रिव्हर एजन्सी या राखीव प्रदेशातल्या सरकारी ठाण्यावरच्या केटन नावाच्या व्यापाऱ्यासाठी ७६ चित्रं काढली. चित्रामागे पन्नास सेंट, तेही दुकानातल्या मालाच्या रूपात. त्यातल्या एका पानावर स्वप्नात दिसलेला स्वार आहे. त्याचं वाहन घोड्यासारखं, पण डोक्याला बायसनची शिंगं, पायांना गरुडाच्या नख्या. शेपटीचं इंद्रधनुष्य झालंय आणि अंगभर गारांचे ठिपके. स्वार आणि जनावर यांना जोडणाऱ्या ठिपक्यांच्या रेघा एकातून दुसऱ्यात गेल्यात. हे पुस्तक न्यूयॉर्क राज्यातल्या कूपर्सटाउनच्या फेनिमोर संग्रहालयात आहे. हे पान दर्शनाच्या, म्हणजे धार्मिक अनुभवाच्या जातीचं आहे. असली चित्रं कपावर, टी-शर्टवर छापलेली मला बघवत नाहीत. तुम्हाला काय वाटतं ते तुम्ही ठरवा.

आणखी एक बघाच. लिटल बिगहॉर्नच्या लढाईत (१८७६) लढलेल्या रेड हॉर्स या लकोटा योद्ध्याने १८८१ मध्ये काढलेली ४२ चित्रं स्मिथसोनियनच्या संग्रहात आहेत. कागद वहीचा नाही, मोठे तावच आहेत, पण परंपरा तीच. त्यातल्या एका चित्रात फक्त अमेरिकी घोडदळाचे मेलेले घोडे आहेत. माणूस एकही नाही. ओळीने आडवे पडलेले, तोंडातून आणि जखमांतून लाल रक्त येणारे घोडे. या लढाईत मारला गेलेला अमेरिकी घोडदळाचा अधिकारी कस्टर याची इतिहासाच्या पुस्तकातली शौर्यकथा या एका पानापुढे फिकी पडते.

जुनं चित्र की आजच्या चित्रकाराचं?

हा खरा निर्णय. लेजर आर्ट ही संपलेली गोष्ट नाही. टेरन्स ग्वार्डिपी आणि जॉन आयझाया पेपियन (ब्लॅकफीट), ड्वेन विल्कॉक्स (ओगलाला लकोटा), ख्रिस पॅपन (कॉ, ओसेज, लकोटा), डोलोरेस पर्डी (कॅडो) हे आजच्या काळातले चित्रकार. यातले बरेच जण खऱ्या जुन्या वह्यांची, नकाशांची, पावत्यांची पानं शोधून त्यावर काढतात. विल्कॉक्सची चित्रं तर मिश्कील असतात. बघ्या पर्यटकांचीच खिल्ली उडवलेली असते. पूर्वी जे काम पुरुषांचं मानलं जायचं त्यात आज बायकाही आहेत, ही जमेची बाजू.

पहिलीच प्रिंट घेत असाल तर माझं मत स्पष्ट आहे: हयात चित्रकाराकडून घ्या. पैसे त्याच्या हातात जातात, सही मिळते, ‘हा घोडा कुणाचा?’ असं विचारता येतं. पेपियनसारख्या अनेकांची स्वतःची संकेतस्थळं आहेत. न्यू मेक्सिकोतल्या सांता फे इथे दर ऑगस्टमध्ये भरणारा इंडियन मार्केट (१९२२ पासून; ‘इंडियन’ म्हणजे तिथले आदिवासी) आणि फीनिक्सच्या हर्ड म्युझियममध्ये मार्चच्या सुमाराला भरणारी जत्रा, इथे चित्रकार स्वतः मांडवात बसलेले असतात. अमेरिकेत राहणाऱ्या मंडळींनी ॲरिझोना-न्यू मेक्सिकोची सहल आखताना ग्रँड कॅन्यनच्या जोडीला हे बसवायला हरकत नाही.

जुन्याच चित्राची प्रिंट हवी असेल तर दोन मार्ग आहेत. संग्रहालयाच्या दुकानातून घेणं हा सोपा. दुसरा म्हणजे स्वतः छापून घेणं: न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन संग्रहालय हक्कमुक्त कलाकृतींच्या प्रतिमा सीसी-झिरो खुणेखाली मोफत देतं. शायान चित्रकारांची ‘मॅफेट लेजर’ त्यांच्याकडेच आहे. पण प्रत्येक पानाखाली ती खूण आहे ना, हे बघूनच उतरवा. सरसकट ‘जुनं आहे म्हणजे फुकट आहे’ असं धरू नका. कायद्याने चालत असलं तरी आपल्या घरापुरतं छापणं वेगळं आणि त्याचा धंदा मांडणं वेगळं.

इथे अमोस बॅड हार्ट बुलची गोष्ट सांगितलीच पाहिजे. या ओगलाला लकोटा इतिहासकाराने नेब्रास्कातल्या एका दुकानदाराकडून वापरलेली हिशेबवही घेतली आणि आपल्या लोकांचा इतिहास तिच्यात चितारला. चारशेहून अधिक चित्रं. १९१३ मध्ये तो गेल्यावर वही बहिणीकडे, डॉली प्रिटी क्लाउडकडे आली. हेलन ब्लिश या अभ्यासक बाईंनी तिची परवानगी घेऊन वहीचा अभ्यास केला, पानांचे फोटो काढले गेले. १९४७ मध्ये डॉली वारली तेव्हा प्रथेप्रमाणे वही तिच्याबरोबर पुरली. म्हणजे त्याच्या घोड्यांची जी काही प्रिंट दिसेल ती छायाचित्रावरून केलेली. ‘मूळ पानावरून थेट स्कॅन केलेली’ असं कुणी म्हणालं तर हसून पुढे जा.

विकणाऱ्याला काय विचाराल

चित्रकाराचं नाव काय आणि जमात कुठली? इथूनच सुरुवात करा. ‘नेटिव्ह अमेरिकन’ एवढंच उत्तर आलं तर ते उत्तर नव्हे. अमेरिकेत १९९०चा इंडियन आर्ट्स अँड क्राफ्ट्स ॲक्ट आहे. आदिवासी कलाकाराची नसलेली वस्तू त्याची म्हणून विकली तर पहिल्याच गुन्ह्याला व्यक्तीला अडीच लाख डॉलरपर्यंत दंड किंवा पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. त्यामुळे चलाख विक्रेते ‘नेटिव्ह स्टाइल’, ‘ट्रायबल इन्स्पायर्ड’ असे शब्द वापरतात. हे शब्द दिसले की समजून जा: चित्रकार त्या जमातीचा नाही.

मग विचारा, प्रिंट खुली (हव्या तितक्या प्रती काढता येणारी) की मर्यादित? मर्यादित असेल तर खाली पेन्सिलने १२/१०० असं काहीतरी लिहिलेलं असतं, म्हणजे शंभरातली बारावी. ‘ए.पी.’ लिहिलेलं असेल तर ती चित्रकाराने स्वतःसाठी राखलेली प्रत. आकडा आणि सही छापील असतील, हाताची नसतील, तर मर्यादित म्हणून जादा पैसे मोजू नका. खुली प्रिंट कमी दर्जाची असते असं मुळीच नाही. ती स्वस्त असते आणि सुरुवातीला तीच घ्यावी.

अलीकडे एआयने (कृत्रिम बुद्धिमत्तेने) बनवलेल्या नकली ‘लेजर’ चित्रांचा सुळसुळाट झालाय. ओळखायची पहिली जागा म्हणजे वहीतलं हस्ताक्षर. खऱ्या पानावर ते असेल तर वाचता येतं. कुणाचं तरी नाव, पिठाची पोती, तारीख, डॉलर-सेंट, खाली बेरीज. नकली पानावर नुसती वळणदार गिचमिड असते, शब्द लागतच नाही. टापांच्या खुणाही कुठून कुठेही जातात.

आणि याच कारणासाठी, ज्या प्रिंटमधून वहीच्या रेघा, डाग, जुना हिशेब ‘स्वच्छ’ करून घोडा तेवढा पांढऱ्यावर ठेवलाय ती घेऊ नका. ज्यांनी जमिनी घेतल्या त्यांच्याच हिशेबाच्या वहीवर हा माणूस आपला हिशेब मांडतोय. अर्धं चित्र तिथेच आहे.

कागद, शाई, आकार

इंकजेट यंत्रावर उत्तम कागदावर काढलेल्या प्रिंटला बाजारात ‘जिक्ले’ म्हणतात. नाव भारदस्त असलं तरी तेवढ्याने काही ठरत नाही. दोन गोष्टी विचारा: शाई पिगमेंटची आहे का (डाय शाई लवकर उडते) आणि कागद आम्लमुक्त, शक्यतो शंभर टक्के कापसाचा आहे का. चौरस मीटरला ३०० ग्रॅमच्या (जीएसएम) आसपासचा, चकाकी नसलेला कागद या चित्रांना सर्वात छान. रंगीत पेन्सिलीचा दाणेदार पोत चकचकीत कागदावर मरतो. कॅनव्हासवर तर नकोच. मूळ काम कागदाचं आहे.

आकाराचा मोह आवरा. वहीची पानं बहुतेक लहान, बरीचशी ए-फोरच्या आसपास किंवा त्याहूनही छोटी. चार फुटांच्या पोस्टरवर पेन्सिलीची रेघ दोरखंडासारखी दिसते. मूळ आकाराची किंवा फार तर दीडपट प्रिंट घ्या. स्वतः छापून घेत असाल तर हिशेब सोपा आहे: प्रतिमेची लांबी पिक्सेलमध्ये घेऊन ३०० ने भागा, तेवढे इंच स्वच्छ येतील. ३६०० पिक्सेल असतील तर बारा इंच. छापणाऱ्याला बजावून सांगा की कागदाचा पिवळेपणा ‘करेक्ट’ करू नको. त्याला सवयीने पांढरं करायची घाई असते.

घरी आणणं आणि टांगणं

भारतात मागवताना कुरिअरचा खर्च कधी कधी प्रिंटच्या किमतीला गाठतो आणि वर आयात शुल्क लागतं ते वेगळंच. आधीच लेखी विचारून घ्या. अमेरिकेतून येणारा भाचा किंवा मैत्रीण हा मराठी घरांचा जुना मार्ग आहे. नळकांड्यात गुंडाळलेली प्रिंट हातातल्या सामानात येते. आल्यावर लगेच उघडा. गुंडाळी महिनोन्‌महिने तशीच राहिली तर कागद सरळ व्हायला मागत नाही. सपाट करताना वर स्वच्छ कागद आणि त्यावर जड पुस्तकं ठेवा, इस्त्री नको.

फ्रेमवाल्याकडे गेलात की तीन गोष्टी ठासून सांगा. प्रिंट पुठ्ठ्यावर चिकटवायची नाही. वरच्या कडेला दोन छोट्या कागदी बिजागऱ्या लावून लटकवायची. बाकी कागद मोकळा राहिला पाहिजे. माउंट बोर्ड आम्लमुक्तच हवा, आणि काच कागदाला टेकता कामा नये. लॅमिनेशनचं नाव काढलं तर दुकान बदला. माउंटचा रंग साधा, उबदार पांढरा ठेवा. लालभडक माउंट घोड्याच्या शेपटीतलं लाल कापड खाऊन टाकतो.

कोकणात, गोव्यात, मुंबईत खरा शत्रू ऊन नसून ओल आहे. पावसाळ्यात ज्या भिंतीला बाहेरून पाणी लागतं तिच्यावर टांगू नका. फ्रेमच्या मागच्या चारही कोपऱ्यांना रबराच्या किंवा बुचाच्या चकत्या लावा, म्हणजे भिंत आणि फ्रेम यांत हवा खेळते. मागची बाजू कागदाने बंद करून घ्या, नाहीतर कसर आत शिरते. गणपती झाले की एकदा काढून मागून तपासा. काचेच्या आत करडे ठिपके दिसले तर बुरशी आहे. स्वतः पुसायला जाऊ नका, फ्रेम उघडून प्रिंट कोरड्या खोलीत वेगळी ठेवा आणि कागदाचं जतन करणाऱ्या जाणकाराला दाखवा.

सत्यतेचं प्रमाणपत्र फ्रेमच्या पाठीला चिकटवू नका. डिंक आणि ओल मिळून त्याचं वाटोळं करतात. बिल, प्रमाणपत्र आणि चित्रकाराशी झालेला पत्रव्यवहार एका फाइलमध्ये ठेवा. पाठीमागे फक्त चार ओळींची चिठ्ठी लावा: चित्रकाराचं नाव, जमात, वर्ष, प्रतीचा आकडा.